राणीच्या टाचा

तांबुळवाडीच्या जत्रेत पुरुषांची लुगडं-राणी स्पर्धा भरायची. जिंकेल त्याला मुकुट आणि नाटक मंडळीत राणीची जागा मिळायची. लोकांच्या शेतात भात लावणारा सुबराव त्या जागेसाठी बारा वर्षं झुरला होता.

त्या दुपारी मांडवाच्या पिवळ्या कापडातून ऊन असं झिरपत होतं, की हिरव्या नऊवारीतला सुबराव चालत नव्हताच, धुक्यावरून तरंगत होता. त्याला स्वतःचं नावही आठवेना. समोरच्या बायकांच्या हातातले पंखे थांबले.

परीक्षक इंगवले सरकारांनी मात्र काठीनं लुगड्याचा काठ उचलला. "टाचा बघा, नुसत्या भेगा. हे गड्याचे पाय. राणी कसली? बाद."

सुबरावचं धुकं विरलं. त्यानं खाली पाहिलं, मग बायकांकडं वळून हात जोडले. "आयांनो, जरा पाय पुढं काढा."

लुगड्यांखालून हळूहळू शे-दोनशे पाय बाहेर आले. सगळे सुकल्या खाचरासारखे भेगाळलेले.

"सरकार," सुबराव म्हणाला, "ह्ये पाय गड्याचं असतील, तर मांडवात एकबी बाई न्हाई."

इंगवल्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारी बसलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या आईनं चप्पल काढली आणि आपलाही तसाच भेगाळलेला पाय पुढं केला.

सरकारांनी काठी ठेवली आणि मुकुट उचलला.