कोरं घोंगडं

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते मला सांगणाऱ्याने सांगितलं नाही, म्हणून मीही तुम्हाला सांगणार नाही. एका उघड्या माळावर मेंढपाळांची वस्ती होती. पावसाळाभर माणसं घरी असत. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन चाऱ्यामागे लांब निघत, ती पुढच्या पावसाच्या तोंडावर परतत.

त्या वस्तीत एक चाल होती. माणूस गेला की त्याच्या अंगावर कोरं घोंगडं घालायचं, एकदाही न पांघरलेलं. जुनं घातलं तर लोक तोंडावर काही बोलत नसत, पण पाठीमागे वर्षभर बोलत.

मायाप्पा नावाच्या मेंढपाळाच्या थोरल्या भावाचं तसंच झालं. तो अचानक गेला. घरात कोरं घोंगडं नव्हतं, अंगावरच्या जुन्यातच त्याला नेलं. तिरडीमागून चालताना मायाप्पाने लोकांची कुजबुज ऐकली आणि ठरवलं, आपली अशी शोभा होऊ द्यायची नाही.

तेव्हापासून तो कामाला लागला. कोकरांच्या पहिल्या कातरणीची मऊ, काळीभोर लोकर तो बाजूला काढू लागला. त्याच्या बायकोने, हौसाने, ती कातली. शेजारगावच्या विणकराने विणली. घोंगडं असं उतरलं की बघणाऱ्याने हात फिरवावा आणि काढूच नये. मायाप्पाने ते कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळून आढ्याला टांगलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण काही माणसांचं शहाणपण वेळेवर थांबत नाही.

पावसाळा सरला, मेंढरं निघाली. मायाप्पा निघाला नाही. "वाटंत कुटं मेलो तर घोंगडं हितं आन् मी तिकडं," तो म्हणाला. मग मुलगा आणि सूनच कळप घेऊन गेले. लेकीने जत्रेला बोलावलं, तर त्याचं उत्तर तेच. पूर्वी ढोलावर थाप पडली की नाचात पहिला शिरणारा हा माणूस आता उंबऱ्यात बसून नाच बघू लागला. धाप लागून काही झालं तर? थंडीत तो भोकं पडलेल्या घोंगड्यात कुडकुडायचा आणि आढ्याकडे बघून समाधान मानायचा. मला विचाराल तर तो तेव्हाच मेला होता. फक्त दोन वेळा जेवत होता, एवढाच फरक.

हौसा जात्यावर बसली की मुद्दाम आवाज चढवून ओवी म्हणायची,

"मरण येईल, येऊ दे आपल्या पायी।
आजच्या दळणाची, मला आधी गं घाई॥"

"माज्यावर रचलीस व्हय गं?" मायाप्पा आतून ओरडायचा.

"माज्यावरच रचली. तुमी कुटं दळताय?"

अशी काही वर्षं गेली. एका हिवाळ्यात कळप वस्तीजवळच्या खिंडीच्या पलीकडे उतरला होता. एका सकाळी कळपाबरोबरचा गडी धावत आला.

"मामी, सून बाळंत झाली. पोरगी झाली. पन गारठा लई हाय. हाय न्हाय त्ये समदं दवानं भिजलंय. पोर निळी पडाय लागलीया."

 पाटावर चढून हौसाने आढ्याचं गाठोडं सोडलं. मायाप्पा दार अडवून उभा राहिला.

"त्याला हात लावायचा न्हाई!"

"पोर जाईल."

"आन् मी गेल्यावर माज्यावर काय घालशील? तुजं जुनेर?"

"तुमी गेल्यावर तुमाला गारठा वाजनार हाय का? तिला आत्ता वाजतोय," हौसा म्हणाली, आणि त्याला बाजूला सारून गड्याच्या मागे चालू लागली.

मायाप्पा थोडा वेळ रिकाम्या दोरीकडे बघत बसला. मग राग आवरेना, म्हणून काठी घेऊन निघाला. घोंगडं परत आणायचंच. कित्येक वर्षांत तो वस्तीबाहेर पडला नव्हता. खिंड चढून उतरेपर्यंत दुपार झाली आणि रागाला धाप लागली.

शेकोटीपाशी हौसा बसली होती. तिच्या हातात काळं घोंगडं आणि घोंगड्यात पोर. पोरीचा रंग परतला होता. मायाप्पा काही बोलायच्या आत हौसाने ते गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवलं. पोर जरा वळवळली आणि तिने घोंगडं, धोतर, सगळं ओलं केलं.

 मायाप्पाने ओल्या घोंगड्यावरून हात फिरवला.

"झालं," तो शेवटी म्हणाला. "आता मला मराया यायचं न्हाई. दुसरं हुईपातुर थांबायलाच पायजे."

मुलगा आधी हसला. मग हौसा, आणि मग तो स्वतः. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं.

दुसऱ्या घोंगड्याला लोकर हवी, म्हणून तो कळपाबरोबरच राहिला. ते विणून झालं आणि पावसात भिजलेल्या एका वाटसरूला त्याने दिलं. पुढचं जत्रेला गेला तेव्हा लेकीसाठी नेलं. त्यापुढचं तर स्वतःच पांघरलं, कारण थंडी होती. जत्रेत तो नाचला, धाप लागली, खाली बसला. काही झालं नाही.

मरण पुढे आलंच. ते कोणाचं चुकत नाही. घरापासून लांब, परक्या रानात, कोकराच्या पायातला काटा काढून मायाप्पा बाभळीखाली जरा टेकला आणि पुन्हा उठला नाही. खांद्यावर कुसळं भरलेलं, मेंढरांचा वास येणारं घोंगडं होतं. तेच त्याच्यावर घातलं आणि तिथेच माती दिली.

वस्तीवर भेटायला आलेल्या एकाला राहवलं नाही. "जल्मभर घोंगडी विनून घेतली मायाप्पानं," तो म्हणाला, "आन् जाताना एक कोरं न्हाई?"

हौसाने डोळे पुसले. "कोरं कायबी ठिवलं न्हाई त्यांनी," ती म्हणाली. "आयुक्ष बी न्हाई."

त्या हिवाळ्यात वस्तीतल्या इतर घरांतली, मरणासाठी राखून ठेवलेली बरीच गाठोडी आढ्यावरून खाली उतरली, आणि बरीच म्हातारी माणसं उबेत झोपली.

तात्पर्य: मरणाची तयारी अवश्य करावी, पण त्या तयारीपायी जगणं आढ्याला टांगून ठेवू नये.