गुळव्यांचं ताजं सर्च इंजिन

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की प्रत्येक रिझल्टखाली आजचीच तारीख होती. आमच्या रुग्ण मदतकेंद्रात रक्तपेढ्यांचे नंबर शोधायला हे छोटं सर्च इंजिन घ्यायचं की नाही, हे मला ठरवायचं होतं.

"याहून ताजी माहिती कुठेच मिळणार नाही, मॅडम," कंपनीचे मालक गुळवे आपल्या नव्या ऑफिसात म्हणाले. "घाबरता काय, काहीही शोधा."

मी भीतभीत त्यांच्याच ऑफिसचा नंबर शोधला आणि स्पीकरवर लावला. रिंग जात राहिली. त्यांच्या टेबलावरचा फोन मात्र गप्पच.

"आमच्यावर विश्वास नाही वाटतं?"

"आहे ना सर. म्हणून तर तुमच्याकडेच फोन लावलाय."

शेवटी कुणीतरी उचलला. "ते कंपनीवाले कधीच गेले हो. तुम्हाला हवाय का गाळा भाड्यानं?"