सागरधेनूचा हौद

एका राज्यात, जिथे भरतीचे पाणी थेट राजवाड्याच्या पायऱ्यांना लागे, सागुणा नावाची समुद्रपारधीण राहत होती. साधी मासळी ती धरीत नसे. जे दुर्मिळ, जे एकुलते, तेच ती राजाच्या संग्रहासाठी आणी. सोनेरी पाठीचे कासव तिने आणले होते, सात रंगांचा घोडामासा आणला होता. पाण्याखाली ती अर्धी घटका दम धरी, आणि तिचे जाळे कधी रिकामे आले नव्हते.

त्या राज्याचा राजा मेघध्वज. त्याची कन्या हेमांगी जन्मापासून मुकी. सोळा वर्षांची झाली तरी तिच्या ओठांतून एक अक्षर फुटले नव्हते. राजाने वैद्य आणले, नवस केले, काही उपयोग झाला नाही. तेव्हा दरबारचा मांत्रिक त्रिजट म्हणाला, "महाराज, सागरधेनूचे गाणे जो ऐकेल त्याची वाणी उघडेल. फार क्वचित ती आपल्या खाडीच्या मुखाशी चरायला येते. या घडीला ती तिथेच आहे."

सागरधेनू म्हणजे समुद्रातली गायच. आठ हात लांब, शंखासारखी पांढरी, पाण्याखालच्या गवतावर चरणारी. सागुणाने तिला एका सकाळीत धरले. त्रिजटाने टाळी वाजवून राजवाड्याच्या चौकात काचेचा हौद उभा केला. सागरधेनू त्यात उतरली आणि गायली. हेमांगीने काचेला हात लावला आणि ती म्हणाली, "पाणी."

राजा लहान मुलासारखा रडला. हत्तीवरून साखर वाटली गेली. सागुणाच्या हातात सोन्याचे कडे पडले; पण तिने मान वर केली नाही. कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती. धेनूला नावेमागे ओढीत आणताना तिचे एक पांढरे पिल्लू बंदरापर्यंत मागे आले होते. वल्ह्याने पाणी झोडपून तिने त्याला परतवले होते, आणि हे कोणालाही सांगितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सागरधेनूचे गाणे थांबले. ती हौदात गोल फिरू लागली. डावीकडून उजवीकडे, न थांबता.

त्याच क्षणी नगरातले सगळे पाय चालू लागले.

विणकर मागावरून उठला आणि अंगणात फेऱ्या घालू लागला. आया चालता चालता मुलांना पाजू लागल्या. न्यायाधीश चालत निवाडे देई आणि फिर्यादी त्याच्या मागे धावत. भाताची रोपे वाफ्यातच पिवळी पडली, कारण लावणीला एका जागी वाकणारे कोणी उरले नव्हते. लोक भिंतीला हात लावून चालता चालता झोपत. सागुणाची म्हातारी आई चुलीभोवती फिरत राही. तिच्या टाचा फुटल्या होत्या आणि जमिनीवर रक्ताचे गोल रिंगण उमटले होते.

"आये, मी पाय बांधू का तुझे?" सागुणाने विचारले.

"बांधलेस काल. दोर तुटला," आई म्हणाली आणि पुढे गेली.

राजाने त्रिजटाला बोलावले. त्रिजट काही दुष्ट नव्हता. पण आपले चुकले हे त्याला कोणापुढे म्हणता येत नसे. तो म्हणाला, "महाराज, धेनूला समुद्राची आठवण येते. थोडा समुद्र इथेच आणावा. मग ती थांबेल, आणि नगरही थांबेल." राजाने सागुणाला आज्ञा केली, "खाडीच्या तळाचे गवत आण."

सागुणा नावेत बसली. नावेत चालायला जागा नाही, म्हणून तिचे पाय फळीवर थापा मारीत राहिले. सात वाव खोल बुडी मारून तिने गवत उपटले. डोलकाठीवर एक समुद्रगरुड बसला होता. तो माणसाच्या वाणीने म्हणाला, "सागुणा, गवत घेऊन जातेस. कुरण कसे नेशील?"

तिने नाव किनाऱ्याकडे वळवली. हौदात गवत पडले. सागरधेनूने ते हुंगले आणि ती घटकाभर थांबली. नगराने श्वास सोडला. मग ती पुन्हा फिरू लागली, पहिल्यापेक्षा जलद.

दुसरी आज्ञा झाली, "भरतीचा आवाज शंखात भरून आण."

काळ्या खडकाच्या भोवऱ्यात भरतीचा आवाज जन्म घेतो. सागुणा कमरेला दोर बांधून भोवऱ्यात उतरली, शंख भरला, तोंडावर मेण लावले. वर आली तेव्हा तिच्या कानांतून रक्त येत होते. गरुड म्हणाला, "आवाज घेऊन जातेस. वाट कशी नेशील?"

"मला आज्ञा आहे," सागुणा म्हणाली.

"मी आज्ञेचे विचारले नाही," गरुड म्हणाला.

हौदाशी शंख उघडला. भरतीचा आवाज ऐकताच सागरधेनू त्या दिशेने झेपावली आणि तिचे कपाळ काचेवर आपटले. एकदा, दोनदा, पुन्हा. पाण्यात तांबडा धागा पसरला. मग ती वेड्यासारखी गोल फिरू लागली. नगर आता चालत नव्हते, धावत होते. त्या दुपारी वेशीजवळ एक कुंभार धावता धावता पडला आणि मेला, आणि मेल्यावरही त्याचे पाय बराच वेळ हलत राहिले.

त्रिजट म्हणाला, "हिला एकटेपण खाते. हिचे कोणी असेल तर तेही आणावे." हे बोलताना त्याने सागुणाकडे पाहिले, आणि सागुणाने नजर चुकवली. राजाने ते टिपले. तिसरी आज्ञा झाली.

खाडीच्या मुखाशी सागुणाला शोधावे लागले नाही. नाव दिसताच पिल्लू आपणहून आले. नावेच्या कडेवरून पाण्यात लोंबणाऱ्या जाळ्याला अजून त्याच्या आईचा वास होता. त्याने नाक जाळ्यावर घासले, मग कड उचलून आत शिरले आणि दोऱ्यांत अंग लपेटून शांत पडून राहिले. सागुणाने जाळे टाकलेसुद्धा नव्हते.

वर ओढायचे तेवढे बाकी होते. तिने दोर धरला. तिचे पाय फळीवर आपटत होते, हात मात्र हलेनात. ती गरुडाला म्हणाली, "काही बोल."

या वेळी गरुड बोलला नाही.

सागुणाने कमरेचा कोयता काढला आणि जाळे उभे कापले. पिल्लू जागेवरून हलेना. शेवटी तिने पाण्यात उतरून, त्याला हातांनी धरून बाहेर लोटले. शिकार म्हणून नव्हे, तर सोडण्यासाठी समुद्रातला जीव तिने पहिल्यांदाच हातात धरला होता. तो थरथरत होता.

राजा चौकात हौदाभोवती धावत होता. सागुणा त्याच्या शेजारून धावू लागली.

"पिल्लू कुठे आहे?"

"समुद्रात, महाराज. जाळे मी कापले."

"याला शिक्षा काय, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. पण आधी ऐकावे. आई धरली तेव्हा पिल्लू मागे येत होते. ते मी लपवले."

राजाला धाप लागली होती. "इथे तिला मगर नाही, वादळ नाही. आमची माणसे चारा घालतात. आम्ही तिला काय कमी केले?"

"काही कमी केले नाही, महाराज. तिचे जे होते, त्यातले आपण काही देऊ शकत नाही, एवढेच."

"आणि माझ्या मुलीची वाणी गेली तर?"

"जाऊही शकेल. नाही जाणार, असे मी खोटे सांगणार नाही."

हेमांगी काचेला तळहात लावून सागरधेनूबरोबर धावत होती. ती म्हणाली, "बाबा, मला जेवढे बोलता येते तेवढ्यात एकच बोलायचे आहे. तिला सोडा."

राजाने त्रिजटाकडे पाहिले. त्रिजटाची मान खाली गेली. "माझे चुकले," तो म्हणाला. "हौद माझ्याने मोडणार नाही. जिने धरले आणि ज्याने धरवले, त्या दोघांच्या हातांनीच काच फुटेल."

राजाने आणि सागुणाने काचेवर मुठी मारल्या. पाचव्या घावाला हौद फुटला. ओल्या शिडावर सागरधेनूला घेतले. एक टोक राजाने धरले, एक सागुणाने, एक त्रिजटाने, एक हेमांगीने. थांबणे कोणालाच शक्य नव्हते, म्हणून सगळे नगर त्यांच्यामागे आले. इतके दिवस गोल गोल फिरणारे हजारो पाय त्या दिवशी सरळ समुद्राकडे गेले.

सागरधेनू पाण्यात शिरली. दूरवर एक पांढरी पाठ वर आली, मग दोन. मग काही नाही.

आणि पाय थांबले. लोक उभे होते तिथेच वाळूत बसले. सागुणाने आईला मांडीवर घेतले तेव्हा म्हातारी झोपलेली होती.

हेमांगीने तोंड उघडले. शब्द आला नाही.

तेरा महिने गेले. मग राजाने सागुणाला बोलावले. राजा हेमांगीबरोबर जेवायला बसला होता.

"खाडीच्या मुखाशी सागरधेनू पुन्हा आली आहे म्हणतात. खरे का?"

"खरे आहे, महाराज. किनाऱ्यावरूनही पिल्लाची पाठ दिसते."

राजाने मुलीकडे पाहिले. खूप वेळ पाहिले. त्याच्या हातातला घास तसाच राहिला. मग तो म्हणाला, "चरू दे तिला. त्या पाण्यात कोणी जाळे टाकणार नाही."

हेमांगीने भात कालवला, एक घास खाल्ला आणि ती म्हणाली, "आमटीत मीठ नाही."

राजाच्या हातून वाटी पडली.

संग्रहातले सगळे जीव त्याच आठवड्यात समुद्रात गेले. सागुणा खाडीची राखण करू लागली. परमुलखाची जहाजे जाळी घेऊन येत, आणि ती त्यांना मुखावरूनच परत पाठवी. पण तिची नाव पाण्यात उतरली की सागरधेनू आणि तिचे पिल्लू बुडी मारीत आणि नाव किनाऱ्याला लागेपर्यंत वर येत नसत. आयुष्यभर एकदाही ती दोघे तिच्याजवळ आली नाहीत. लोक विचारीत, वाईट नाही का वाटत? सागुणा म्हणे, "वाटते. पण त्यांचे बरोबर आहे."

त्या राज्यात पुढे पाऊस वेळेवर पडला, भात पिकला, माणसे निजली. ज्यांनी ऐकले त्यांचेही तसेच होवो.