तिन्ही रीतींनी जुळलेला विहान

एका गावात एक भोळी आई होती. भोळी म्हणजे अडाणी नव्हे. चांगली बी. एस्सी. झालेली होती, आणि घोळ तिथेच होता. कुणी काही सांगितलं की ती ते शब्दशः करायची. मूल होण्याआधी तिने चार पुस्तकं वाचली. चारही पाठ केली. मूल मात्र पाचव्याच पुस्तकातलं निघालं.

तिचं नाव केतकी. मुलाचं विहान. पंचक्रोशीत कुणाचं नसेल असं नाव तिने शोधून शोधून काढलं होतं. तो बालवाडीत जायला लागला तेव्हा कळलं, तिथे एक रिहान होता, एक विवान होता आणि एक इहान होता. सगळ्याच आयांनी शोधून शोधून काढलं होतं.

बालवाडीच्या कुंदाताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "इथे सगळ्यांचं सगळं सारखंच दिसतं. दिसण्यावर जाऊ नका. नाव जुळवायचं, मगच न्यायचं."

केतकीने मान डोलावली.

दुपारी ती विहानला घेऊन आली. डबा नव्हता.

"डबा कुठाय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"एक होता आई. कोपरासुद्धा आपल्यासारखाच चेपलेला. पण त्यावर दीर्घ वीहान होता. आपला ऱ्हस्व."

"अगं, मीच कोरलं ते खिळ्याने!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "तेवढ्याने डबा परका होतो का? एखाद्या अक्षराचा फरक धरायचा नसतो."

"असं होय! आता नाही धरणार."

दुसऱ्या दिवशी ती टोप्यांचा ढीगच घेऊन आली. रिहानची, विवानची, इहानची आणि शेवटी आपली.

"हे काय?"

"एकेका अक्षराचाच फरक आहे, आई. मी धरला नाही."

संध्याकाळपर्यंत तीन आया दारात येऊन गेल्या. एकीने तर टोपी उलटी करून झटकून घेतली.

केतकीचा नवरा श्रीरंग तालुक्याच्या कचेरीत संगणकावर नावं जुळवायचा. एकाच माणसाचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलं गेलं की तो ते शोधून काढायचा. तो हसून म्हणाला, "अगं, अक्षरं मोजायची रीत कच्ची. कसं लिहिलंय ते सोड. कानाला सारखं लागलं की एकच समजायचं."

"कानाला ना?"

"कानाला."

केतकीने सकाळीच विहानची पाण्याची बाटली चमच्याने वाजवून ऐकून ठेवली. दुपारी बालवाडीत जाऊन एकेक बाटली कानाशी धरून वाजवली. कुंदाताई बघत राहिल्या. पोरं खूश झाली. केतकी घरी आली ती विवानची बाटली घेऊन.

"आवाज थेट आपलाच हो," ती म्हणाली. "टण्ण!"

आता मात्र सासूबाई उखडल्या. "आणखी एकदा चुकलीस ना, तर उद्यापासून पोराला आणायला मी जाईन. तू बस घरी बाटल्या वाजवत."

केतकीने विहानला जवळ ओढलं. दुपारच्या उन्हात पोराचं बोट धरून यायचं, रस्त्यातल्या प्रत्येक शेळीला त्याच्याबरोबर टाटा करायचा. दिवसभरात तेवढंच तर तिचं एकटीचं होतं.

"अहो, चुकणारच नाही अशी पक्की रीत सांगा," तिने नवऱ्याला गळ घातली.

"मग एकीवर विसंबू नकोस. तीन लाव. अक्षरं बघ, कानाने ऐक, पहिलं अक्षर तेच आहे का बघ. तिन्ही जुळल्या तर आपलं. नाही जुळल्या तर बोट लावायचं नाही."

"बोट लावायचं नाही," केतकीने घोकलं आणि डब्यावरची दीर्घ वेलांटी खिळ्याने ऱ्हस्व करून ठेवली.

बालवाडीच्या वाटेवर तिच्या मनात आलं, डबा चुकला तर डबा जातो. पोर चुकलं तर? आणि आजवर आपण पोर नुसतं दिसण्यावर नेत होतो!

दुपारी ती घरी आली ती ताठ मानेने. डबा बरोबर, टोपी बरोबर, बाटली बरोबर. सासूबाईंनी सगळं उलटसुलट करून पाहिलं आणि मग खाली पाहिलं.

"हा कोण?"

"विहान."

"कुणाचा विहान?"

"तिन्ही रीतींनी जुळवलाय, आई. नाव विचारलं, त्याने स्वच्छ सांगितलं. अक्षरं तीच, आवाज तोच, पहिलं अक्षरही तेच. आजच आलाय म्हणे बालवाडीत."

सासूबाईंनी दाराची चौकट धरली. "अगं, आणि आपला?"

"हाच की. पण एक पोरगं मात्र भारी लबाड होतं हो. 'आई, आई' करत माझ्या ओढणीला लोंबकळलं. दिसायलाही थेट आपल्या विहानसारखं. क्षणभर माझासुद्धा जीव वितळला. पण नाव विचारलं तर म्हणतं काय, सोन्या! आपण घरात मारतो ती हाक त्याला कुणी पढवली कोण जाणे. अक्षर जुळेना की आवाज. मी बोटसुद्धा लावलं नाही."