उंबरातला आंबट मध

फार फार वर्षांपूर्वी, कड्याखालच्या कातळवाडीला अजून रस्ता नव्हता आणि देऊळही नव्हतं, तेव्हा तिथं नवशी नावाची एक ठाकरीण राहत होती. तिचा नवरा हिरू. त्यांच्या झोपडीमागं एक पोकळ उंबर होता आणि त्याच्या पोटात बारीक काळ्या माश्यांचं मोहोळ. या माश्यांना डंख नसतो. त्यांचा मध आंबट, आणि तोही पसाभरच. लोक म्हणायचे, ते झाड तोड की. हिरू म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या. गरीब हाईत, आमच्यावानी."

एका वर्षी राबासाठी, म्हणजे भाताचं बी पेरण्याआधी जमीन भाजायला, हिरू फांद्या तोडत होता. कोयता निसटला आणि पोटरीत रुतला. नवशीनं काय करावं? आईनं केलं, आजीनं केलं, तेच तिनं केलं. चुलीतली मूठभर राख शेणात कालवली आणि जखमेवर थापली. जखम चिघळली, तशी तिनं आणखी राख थापली. नवव्या दिवशी हिरू गेला. लोक म्हणाले, त्याचं तेवढंच होतं. नवशी मात्र त्या दिवसापासून स्वतःच्या हातांकडे बघेनाशी झाली, असं म्हणतात.

पावसाळा सरला. वाऱ्यानं उंबराची फांदी मोडली आणि मोहोळ उघडं पडलं. नवशी बघते तर आत एक मेलेला सरडा. मधाच्या आशेनं शिरला असावा. माश्यांना ना डंख, ना त्याला उचलून बाहेर टाकायची ताकद. म्हणून त्यांनी झाडाझाडांचा चीक आणून त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत लिंपून टाकलं होतं. नवशीनं तो काळा डिंक नखानं खरवडला. सरडा वाळला होता, पण किडा नाही, सड नाही, वास नाही. "ह्या येवढ्याशा जिवांना कळत व्हतं," ती म्हणाली, "आन मी राख थापत बसले." हिरू गेल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा ती ऊर फुटेस्तोवर रडली.

पुढच्या राबाच्या वेळी तिची एकुलती लेक बुधी भाजली. उजवा हात, पार कोपरापर्यंत. फोड फुटले आणि तिसऱ्या दिवशी वास सुटला. शेजारणी राख घेऊन आल्या. नवशीनं त्यांना दारातच अडवलं. ज्या चिकानं सरडा सडला नाही, त्याच चिकाच्या कुप्यांत माश्यांनी मुरवलेल्या मधाचं बुडकुलं घेऊन ती लेकीजवळ बसली. बुधीनं हात ओढून घेतला.

"आये, तू नको. बाला तूच लावलं व्हतंस."

लेकीच्या तोंडून हे ऐकल्यावर आईनं कुठं जावं? नवशी उठली. तिनं कोयता घेतला, तोच हिरूचा कोयता, आणि आपल्या डाव्या हातावर दोन चिरे दिले. एकात राख भरली, दुसऱ्यात मध. तो हात पुढ्यात धरून ती लेकीच्या उशाशी बसून राहिली. जेवली नाही, पाठ टेकली नाही. तिसऱ्या दिवशी राखेचा चिरा टरारून सुजला आणि पिवळा पडला. मधाचा चिरा स्वच्छ होता, मिटायलाही लागला होता. बुधीनं दोन्ही चिरे बघितले. मग तिनं आपला हात पुढं केला. नवशीनं तो उकळून गार केलेल्या पाण्यानं धुतला, मध लावला, आणि लावताना हळूच म्हणाली, "हे हिरूचं." पुढच्या पुनवेला बुधी त्याच हातानं भाकरी थापत होती, असं म्हणतात.

मग बारा वाड्यांचे जखमी नवशीच्या दारी येऊ लागले. ती मोहोळातला अर्धा मध माश्यांसाठी ठेवी आणि उरल्या अर्ध्यात जितकी माणसं बरी होतील तितकी करी. गंमत म्हणजे तो पसाभर मध कधी संपलाच नाही. प्रत्येक जखमेला मध लावताना ती "हे हिरूचं" असंच म्हणायची. एकदा कुणीतरी विचारलं, "हिरू कोन्ता गं देव?"

"देव न्हाई," नवशी म्हणाली. "ज्याला मी राख लावली, त्यो. माजं नाव नका घेऊ कदी. त्याचं घ्या."

नवशी खूप म्हातारी झाली. एका दुपारी ती उंबराच्या ढोलीत जाऊन बसली, ती बाहेर आलीच नाही. लोक शोधत गेले तर ढोलीचं तोंड काळ्या डिंकानं लिंपलेलं, माणसाच्या उंचीएवढं. एक जण कुऱ्हाड घेऊन पुढं झाला. बुधी आडवी आली. "उघडू नका," ती म्हणाली, "आये निजलीय." त्या उन्हाळ्यात किंवा पुढच्या कुठल्याही उन्हाळ्यात तिथं वास म्हणून आला नाही, असं म्हणतात.

उंबर अजून आहे, त्याला कोयता लागत नाही. आता खाली दवाखाना झाला आहे, मोठ्या जखमा तिकडेच नेतात. पण राब पेटवायच्या आदल्या दिवशी कातळवाडीत घरोघरी बोटभर आंबट मध वाटतात. त्याचं बुडकुलं उंच टांगलेलं असतं, आणि कितीही हट्टी पोर असलं तरी त्याला तो चाटायला मिळत नाही. कुणी भाजलं, कापलं, मग तो भावकीतला वैरी का असेना, की घरची बाई मध लावते आणि म्हणते, "हे हिरूचं."

परक्याला वाटतं, हिरू हा गावचा देव असावा. वाडी त्याचं म्हणणं खोडून काढत नाही. आणि नवशीचं नाव मध लावताना कुणी घेत नाही. तिनंच तसं सांगून ठेवलंय.