मश्रूची आतली बाजू

फार फार पूर्वी वाळवंटाच्या काठावर एक राज्य होते. तिथल्या राजांची नावे आज कुणाला आठवत नाहीत. तिथे विणल्या जाणाऱ्या कापडाचे नाव मात्र अजून माणसांच्या तोंडी आहे.

त्या राज्यातल्या पुरुषांचा एक जुना नेम होता. रेशीम ते अंगाला लागू देत नसत. रेशमाच्या स्पर्शाने माणूस स्वतःवरच भाळतो, असे त्यांचे वाडवडील सांगत. पण रेशमाची झळाळी कुणाला आवडत नाही? विणकरांनी मग वाट काढली. मागावर उभे धागे रेशमाचे लावायचे, आडवे कापसाचे, आणि वीण अशी साधायची की रेशीम सगळे वर राहील आणि कापूस सगळा आत. डोळ्यांना रेशीम दिसे, अंगाला कापूस लागे. या कापडाला मश्रू म्हणत. म्हणजे ज्याला मोकळीक आहे ते.

त्या गावात एक विणकर होता. ईदच्या आधी बाजार भरे तेव्हा सगळ्यात जास्त गर्दी त्याच्या दुकानी असे. गिऱ्हाइके कापडाची वरची बाजू फारशी बघत नसत. काठ उलटवून आतली बाजू मनगटावर घासून बघत. मश्रूची पारख तिथेच होई.

एका वर्षी उत्तरेकडून एक नवा विणकर गावात आला. त्याचा कापूस बारीक कातलेला होता. लोकांचे हात त्याच्या कापडावर रेंगाळू लागले. आपल्या विणकराला बाजारात टोमणे ऐकू आले.

"काय मियाँ, यंदा आतून पोतं विणलंय का?"

"घाला की. पाठ खाजवायचे कष्ट वाचतील!"

लोक हसले. तोही हसला. पण घरी आल्यावर त्याला जेवण गेले नाही.

पुढच्या वर्षीचे कापड मागावर चढले तेव्हा त्याने एक युक्ती केली. आडव्या धाग्यात पाच वेळा कापूस घालायचा आणि सहाव्या वेळी रेशीम. रेशीम त्याने कापसाच्याच मळकट पांढऱ्या रंगात रंगवून घेतले. डोळ्यांना काही कळायची सोय नव्हती.

त्याची बायको आडव्या धाग्याच्या कांड्या भरत असे. धागा बोटांतून जाताच तिचा हात थांबला.

"अहो, ही कांडी कापसाची नाही."

"सहात एकच तर आहे."

"सहात एक आहे म्हणजे आहेच ना?"

"घालणाऱ्याच्या अंगाला काय कळतंय?"

"त्याला कळत नाही, म्हणून तर तुमच्यावर सोपवलंय," ती म्हणाली. तिने ती कांडी भरून दिली, पण त्यानंतर त्या कापडाला हात लावला नाही.

बाजार भरला. लोकांनी आतली बाजू मनगटावर घासली आणि एकमेकांकडे बघितले.

"हा कापूस कुठून आणलास रे?"

"कापूस नेहमीचाच," विणकर म्हणाला. "हात धुऊन, देवाचं नाव घेऊन मागावर बसतो. एवढंच."

उत्तरेकडच्या विणकराच्या दुकानासमोर त्या दिवशी कुणी थांबले नाही.

त्या गावात एक म्हातारे मौलवी होते. अर्ध्या गावाला त्यांनी अक्षरे शिकवली होती; विणकरालाही. त्यांनी जन्मभर जाडाभरडा सुती अंगरखा घातला. एखादी शिवण उसवून रेशीम अंगाला लागेल, या भीतीने त्यांनी मश्रूसुद्धा कधी घेतले नव्हते. मोहल्ल्यातले लोक दर ईदला आग्रह करत आणि ते दर ईदला हसून नको म्हणत. त्या वर्षी लोकांनी त्यांना हाताला धरून विणकराच्या दुकानी आणले.

मौलवींनी काठ उलटवला. मनगटावर घासला. पुन्हा घासला.

"फार मऊ आहे," ते म्हणाले. "बेटा, हा कापूसच ना?"

दुकानापुढे माणसे उभी होती. विणकराची नजर क्षणभर खाली गेली.

"कापूसच आहे, मौलवीसाहेब."

"बस्. तू म्हणालास, विषय संपला." आणि ते लोकांकडे वळून म्हणाले, "शिवा रे आता म्हाताऱ्याला नवरदेवासारखा अंगरखा!"

ईदच्या सकाळी मौलवी पहिल्या रांगेत उभे होते. विणकर नेमका त्यांच्या मागे आला. मौलवी वाकले की तो अंगरखा त्याच्या डोळ्यांपुढे येई, कपाळ टेकले की पुन्हा येई. लहानपणापासून पाठ असलेले शब्द त्याला त्या दिवशी आठवेनात. ज्यांनी ते शिकवले, ते पुढ्यातच होते.

नमाज झाल्यावर मौलवींनी त्याला उराशी धरले. अंगरख्याची बाही त्याच्या मानेला लागली.

"सत्तर वर्षं मनातल्या मनात हौस होती," ते त्याच्या कानात म्हणाले. "आज तुझ्यामुळं पुरी झाली. कुणाला सांगू नको हं."

विणकराला त्यांच्या डोळ्यांकडे बघता आले नाही. घरी बायकोने खिरीची वाटी पुढे केली. खीर निवून तिच्यावर साय धरली, तरी त्याने वाटी उचलली नाही. बायकोने एका शब्दाने विचारले नाही. तिने विचारले असते तर बरे, असे त्याला वाटले.

नंतरच्या दिवसांत मौलवी भेटेल त्याला अंगरख्याचा काठ उलटवून दाखवत. "बघा, नेकीनं विणलं की कापूससुद्धा रेशीम होतो!" लोक ते विणकराला येऊन सांगत. रस्त्यात मौलवी दिसले की विणकर दुसऱ्या गल्लीने जाई.

एके दिवशी उत्तरेकडचा विणकर त्याच्या दारात आला. त्याने माग उकलून गाढवावर लादला होता.

"निघालो, भाईजान. इथं माझं कापड कुणी घेत नाही. जायच्या आधी एक विचारायचं होतं. रागावू नका."

"विचारा."

"तुमचा हात मला शिकवाल? मी कापूस तीनतीनदा पिंजून बघितला. बायकोनं डोळे फुटेस्तोवर बारीक कातला. तरी तो मऊपणा येत नाही." त्याने आपले दोन्ही हात पुढे करून बघितले. "माझ्याच हातात खोट असणार. नाहीतर नेकीत."

विणकर दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "गाढव इथंच बांधा. माझ्याबरोबर चला."

शुक्रवार होता. नमाज आटोपून लोक मशिदीच्या अंगणात उभे होते. विणकराने कोनाड्यातला दिवा पेटवला आणि तो मौलवींच्या पायाशी ठेवला.

"मौलवीसाहेब, अंगरख्याच्या काठातले सहा धागे मला काढू द्या."

त्याने एकेक आडवा धागा ओढून ज्योतीवर धरला. पहिला जळाला, कागद जळल्यासारखा वास आला. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, तसाच. सहावा आक्रसून काळा मणी झाला आणि अंगणात केस जळल्याचा वास पसरला. गाव विणकरांचे होते. तो वास कशाचा, हे कुणाला सांगावे लागले नाही.

"या माणसाच्या हातात खोट नाही," विणकर उत्तरेकडच्या विणकराकडे बोट दाखवून म्हणाला. "खोट माझ्यात आहे. मी रेशीम घातलं. तुम्ही विचारलंत, तेव्हा खोटं बोललो."

मौलवींनी अंगरख्याचे बंद सोडले. सगळ्यांसमोर त्यांनी तो उतरवला. आत विरलेली बंडी होती आणि वाळक्या काडीसारखे दंड. लोकांनी माना वळवल्या. विणकराला वाटले होते की आज आपण उघडे पडू. उघडे उभे राहिले ते मौलवी. कुणीतरी धावत जाऊन त्यांच्या खांद्यावर चादर टाकली.

"मला ठाऊक नव्हतं, म्हणून अंगाला लागलेलं रेशीम वरचा मला माफ करील," ते म्हणाले. "तुलाही करील, तू कबूल केलंस. पण बेटा, मी तुला विचारलं होतं रे."

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. लोकांनी मश्रू परत आणून टाकले आणि विणकराने ते निमूट घेतले. उत्तरेकडच्या विणकराने गाढवावरचा माग उतरवला. तो त्याच गावात राहिला आणि त्याचे बरे चालले. आपल्या विणकराने त्यानंतर आत रेशमाचा एक धागा कधी घातला नाही. पण बाजारात त्याचे कापड आता कुणी मनगटावर घासत नसे. धागा ओढून जाळून बघत. तो स्वतःच दुकानात दिवा लावून ठेवू लागला.

पुढच्या ईदच्या आधी मौलवी त्याच्या दुकानी आले. जुना सुती अंगरखा अंगात होता. विणकर लगबगीने उठला. यांनी आपल्याला पुन्हा एकदा विचारावे, हे एवढेच त्याला हवे होते. उत्तर त्याच्या ओठांवर होते आणि ते खरे होते.

मौलवींनी त्याच्याकडे मायेने बघितले. काठ उलटवला. आणि काही न विचारता एक धागा ओढून त्यांनी तो दिव्यावर धरला.

भरवशाने विचारणाऱ्याशी एकदा खोटे बोलले, की पुढे आपले खरेसुद्धा त्याला तपासूनच घ्यावे लागते.