बिघडलेला रांजण

एकदा एका रंगाऱ्याचा निळीचा रांजण बिघडला. चुना घातला, गूळ घातला, तरी कापडावर रंग चढेना. त्या गावच्या रंगाऱ्यांची समजूत अशी, की अशा वेळी एखादी धादांत खोटी वार्ता उठवावी. ती जितकी पसरेल तितका रंग सुधारतो. म्हणून त्याने पाणवठ्यावर सांगून टाकले, की गावच्या सुईणीच्या घरात देवीचा रोग शिरला आहे. लोक दोन दिवस बोलतील आणि विसरतील, असे त्या भल्या माणसाला वाटले.

रांजण सुधारला. सुईणीला मात्र कोणी पाण्यावर येऊ देईना, की बाळंतपणाला बोलावीना. एकट्या बाईची चूल विझली. तेव्हा रंगारी घाबरला आणि चावडीवर उभा राहून ओरडला, "मी खोटं बोललो! तिच्या घरी काही नाही!"

लोक हसले. "काय रे, पुन्हा रांजण बिघडला वाटतं?"

तो रडत आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. गुरू उठले. तांब्या घेऊन ते सुईणीकडे गेले, भर दुपारी तिच्या हातचे पाणी प्याले आणि तिच्याच ओसरीवर बसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनाही कोणी भिक्षा घालीना.

रंगारी धावत ओसरीवर आला. "बाबा, हे काय केलंत? तिची बदनामी तर तशीच राहिली!"

"तरुणपणी एका पाद्र्याने मला थोडे लॅटिन शिकवले," गुरू म्हणाले. "त्या भाषेत रंगाऱ्याला इन्फेक्टर म्हणत. त्या शब्दाच्या मुळाशी बुडवणे आहे, डागाळणे आहे, विटाळणेही आहे. बाळ, तू जे बुडवलेस ते पुन्हा पांढरे करण्याची विद्या तुझ्यापाशी नाही, माझ्यापाशीही नाही. तिच्यावरचा डाग मला पुसता येत नाही. म्हणून मी तो लावून घेतला."

"गाव तिला पुन्हा बोलावेल?"

"मला तसे दिसत नाही."

इतक्यात सुईण बाहेर आली. चावडीवरचे तिच्या कानी आलेच नव्हते. तिने तांब्या पुढे केला. "घ्या दादा. एवढ्या गावात तुम्ही दोघंच माणसं निघालात."

रंगाऱ्याने तांब्या तसाच खाली ठेवला. त्याने तिला सारे सांगितले. ती आत निघून गेली.

त्या दिवसापासून ओसरीवर दोघे बसू लागले. ती दोघांनाही पाणी देते. रंगाऱ्याशी बोलत मात्र नाही. गाव अजून त्या वाटेने जात नाही.